नागपुरात हवाई छायाचित्रणाचा छोटा व्यवसाय: पहिला ड्रोन कसा निवडावा

ड्रोन घ्यायला निघालेला माणूस साधारणपणे कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे आणि ड्रोन किती लांब जातो, याच दोन प्रश्नांपासून सुरुवात करतो. हौसेपुरता ड्रोन घ्यायचा असेल, तर त्यात काही बिघडत नाही. पण त्यावर पोट भरायचे असेल, आणि तेही नागपुरात, तर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी काम कोणते करायचे ते ठरवावे, मग ते काम शहराच्या कोणत्या भागातील आकाशात होणार ते पाहावे, त्यावरून ड्रोनचे वजन आणि त्याची कागदपत्रे निश्चित करावीत, आणि कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर करावा. या क्रमाने गेल्यास दुकानातील पर्यायांपैकी बहुतेक आपोआप गळून पडतात आणि उरलेल्या दोन-तीनांतून निवड करणे फारसे अवघड राहत नाही.

काम कोणते मिळणार आहे

नागपूर आणि आसपासच्या परिसरात नवख्या माणसाला मिळू शकणारी कामे मोजकीच आहेत. पहिले अर्थातच लग्नाचे. हळद, वरात, लॉनवरचा मंडप आणि स्टेजकडे येणारे नवरा-नवरी यांची वरून घेतलेली दृश्ये आता जवळजवळ प्रत्येक पॅकेजमध्ये मागितली जातात. बहुतेक वेळा हे काम थेट वधू-वरांच्या घरून येत नाही. ते मुख्य फोटोग्राफरकडून येते आणि तो ड्रोनवाल्याला त्या दिवसापुरता बोलावतो. दुसरे काम लेआउटचे. उमरेड रोड, हुडकेश्वर, जामठा, बुटीबोरी या बाजूंना प्लॉट विकणाऱ्यांना रस्त्यापासून लेआउटपर्यंतचे अंतर, आखलेले अंतर्गत रस्ते आणि शेजारची वस्ती एका चित्रफितीत दाखवायची असते. तिसरे काम बांधकामाच्या प्रगतीचे असते. त्यात बिल्डरला दर महिन्याला त्याच कोनातून, त्याच उंचीवरून छायाचित्रे हवी असतात. हे काम दिसायला कंटाळवाणे असले, तरी लग्नाचा सिझन संपल्यानंतर महिन्याचा खर्च यावरच भागतो, म्हणून मी त्याला लग्नापेक्षा वरचे स्थान देईन.

याखेरीज हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांची छपरे व सौर पॅनेल यांची पाहणी, काटोल-नरखेडकडील संत्र्याच्या बागांचे निरीक्षण आणि जमिनीचे नकाशे तयार करणे ही कामेही आहेत. मात्र त्यांना उष्णता टिपणारा कॅमेरा, अनेक वर्णपट्टे वेगवेगळे नोंदवणारा सेन्सर किंवा सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थाननिश्चिती यांपैकी काहीतरी लागते आणि अशा यंत्रांची किंमत सुरुवातीच्या भांडवलात बसत नाही. जमिनीच्या नकाशाबाबत एक गोष्ट ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगावी. शासकीय मोजणी भूमी अभिलेख विभागामार्फत होते. ड्रोनवरून तयार केलेला नकाशा नियोजनासाठी उपयोगी पडला, तरी हद्दीच्या वादात त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

म्हणून पहिल्या ड्रोनचा विचार लग्न, लेआउट आणि बांधकाम या तीन कामांपुरता मर्यादित ठेवावा.

नागपूरचे आकाश

ड्रोन नियम, २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले. त्यांनुसार देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल अशा तीन क्षेत्रांत विभागलेले असून त्याचा नकाशा डिजिटल स्काय या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतो. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा ६० मीटर, म्हणजे २०० फूट होते. पिवळ्या क्षेत्रात संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी आवश्यक असते, आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही.

आता हे नागपुरावर ठेवून पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सोनेगावला, म्हणजे शहराला अगदी चिकटून आहे. मुंबई-पुण्याच्या यूट्यूबरचा सल्ला ऐकून ड्रोन घेणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, की वर्धा रोडवरची लॉन, मनीषनगर, खामला हा सगळा पट्टा विमानतळाच्या सावलीत येतो आणि सीताबर्डी-धरमपेठसारखे मध्यवर्ती भागही हवाई अंतराने आठ किलोमीटरच्या आतच पडतात. त्याशिवाय भारतीय वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय याच शहरात आहे. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, कामठीला छावणी आहे, सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि कोराडी व खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत. कामठी आणि कोराडी विमानतळापासून दूर आहेत म्हणून तेथे मोकळे रान असेल, असे मानू नये.

काही बंधने नकाशावर कायम दिसत नाहीत. डिसेंबरच्या सुमारास विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो, मोठ्या नेत्यांचे दौरे होतात, आणि अशा वेळी पोलीस प्रशासन ड्रोनवर तात्पुरती बंदी घालू शकते. नियमांतच राज्य शासनाला एखादा भाग जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरते लाल क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचा अधिकार आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली पोलीस आयुक्तांचे मनाई आदेशही निघतात. म्हणून लग्नाचा बयाणा घेतानाच, परवानगी न मिळाल्यास किंवा ऐनवेळी बंदी आल्यास ड्रोनचे चित्रीकरण होणार नाही आणि तेवढी रक्कम वळती केली जाईल, असे लेखी ठरवून घ्यावे. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडला परिसरात प्री-वेडिंग करण्याची मागणी आली, तर वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिला नकारच द्यावा. वन्यजीवांना त्रास दिल्याचा गुन्हा छायाचित्राच्या मोबदल्यापेक्षा फार महाग पडतो.

ड्रोनच्या निवडीत या सगळ्याचा थेट संबंध येतो तो असा. उमरेड रोडवरील एखाद्या लेआउटचे काम ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात असेल, तर तुम्हाला ६० मीटरच्या वर जाता येणार नाही. बहुतेक ड्रोनांची मुख्य लेन्स २४ मिलिमीटर समतुल्य असते आणि अशा लेन्समधून ६० मीटर उंचीवरून सरळ खाली पाहिल्यास जमिनीवरची जेमतेम ९० मीटर रुंदी चौकटीत येते, तर उभ्या बाजूने ६५ मीटरच्याही आत भागवावे लागते. तीन एकरांचा चौकोनी लेआउट म्हणजे साधारण ११० मीटरची बाजू. तो १२० मीटरवरून एका छायाचित्रात मावतो, ६० मीटरवरून मावत नाही. त्यामुळे तिरक्या कोनातून चित्रण करणे किंवा अनेक छायाचित्रे जोडून एक मोठे चित्र बनवणे भाग पडते, आणि आपोआप पॅनोरमा जोडणारा, ठरलेल्या मार्गावरून पुन्हा पुन्हा तंतोतंत उडणारा ड्रोन येथे उपयोगी पडतो. बांधकामाच्या मासिक छायाचित्रांसाठीही हीच सोय लागते. दुकानदार हे कधीच सांगत नाही. तो वीस किलोमीटरचा पल्ला सांगतो, ज्याचा नजरेच्या टप्प्यात उडवायच्या ड्रोनला काडीचाही उपयोग नाही.

२५० ग्रॅमची रेषा

नियमांनी ड्रोनांचे वजनावरून वर्ग पाडले आहेत. उड्डाणाच्या वेळी बॅटरीसह एकूण वजन २५० ग्रॅम किंवा त्यापेक्षा कमी असल्यास तो नॅनो, २५० ग्रॅमपेक्षा अधिक आणि २ किलोपर्यंत सूक्ष्म म्हणजे मायक्रो, आणि २ ते २५ किलोपर्यंत लघु म्हणजे स्मॉल. छायाचित्रणाचा विचार करता पहिले दोनच वर्ग महत्त्वाचे आहेत, आणि त्यांच्यातील फरक कॅमेऱ्यापेक्षा कागदांचा अधिक आहे.

नॅनो वर्गातील ड्रोनला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेले शासकीय मान्यतापत्र, लागत नाही, तो चालवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही आणि तृतीय पक्ष विम्याची सक्तीही नाही. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवणाऱ्याला पायलट प्रमाणपत्रातून सूट आहे, पण पैसे घेऊन काम करताच ही सूट संपते. लग्नाच्या बिलात 'ड्रोन शूट' अशी ओळ आली की ते व्यावसायिक काम झाले. मायक्रो ड्रोनसाठी म्हणून तीन गोष्टी हव्यात: टाइप सर्टिफिकेट मिळालेले मॉडेल, विमा आणि तुमचे स्वतःचे प्रमाणपत्र. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५ असावे, दहावी उत्तीर्ण असावे आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतून प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे. त्याची मुदत दहा वर्षांची असते. शासकीय शुल्क १०० रुपयांइतके किरकोळ असले, तरी प्रशिक्षण संस्थेची फी मात्र चांगलीच भरीव असते आणि ती ड्रोनच्या किमतीतच धरून अंदाजपत्रक मांडावे.

ड्रोनची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेण्याचे शुल्कही १०० रुपयेच आहे. नॅनो ड्रोन घेतला तरी ही नोंदणी करूनच कामाला लागावे. लॉनवर गस्तीचा हवालदार येऊन विचारतो, तेव्हा फोनमधला तो क्रमांक, खरेदीचे बिल आणि त्या जागेचा नकाशावरील रंग या तीन गोष्टी दाखवता आल्या, तर बोलणे लवकर आटोपते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे, कारण तो शहरात सर्रास आढळतो. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन कुठेही उडवता येतो, असे अनेकांना वाटते. वजनाची सूट प्रमाणपत्रांपुरती आहे. आकाशाच्या रंगांमध्ये वजन पाहिले जात नाही. खामल्यातल्या लॉनवर २४९ ग्रॅमचा ड्रोनही परवानगीशिवाय उडवता येणार नाही, आणि नियमभंगाबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वजनाबाबत आणखी एक बारकावा असा. काही हलक्या ड्रोनांना जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी वेगळी मिळते. ती बसवली की ड्रोन २५० ग्रॅमच्या वर जातो, आणि नॅनोचे सगळे फायदे त्या क्षणी संपतात. पंख्यांभोवतीची जाळी, लेन्सवरचा फिल्टर आणि वरून चिकटवलेला दिवा यांचेही वजन धरले जाते. घेतलेला ड्रोन सर्व साहित्यासह एकदा सराफाकडच्या किंवा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहावा.

परदेशी ड्रोनचा प्रश्न

फोटोग्राफरांच्या हातात आज सर्वाधिक दिसणारा ड्रोन डीजेआय या चिनी कंपनीचा आहे आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु ९ फेब्रुवारी २०२२ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच तिला अपवाद आहे. सुटे भाग आणता येतात, तयार ड्रोन आणता येत नाही, आणि जोडणीसाठी सुटा करून आणलेलाही आणता येत नाही. त्यानंतर बाजारात आलेली नवी मॉडेले बिलाशिवाय, 'दुबईहून आणलेला' अशा ओळखीने विकली जातात. अशा ड्रोनला व्यावसायिक कामासाठी लागणारी कागदपत्रे मिळवता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि कंपनीच्या दुरुस्ती केंद्राचा आधारही भरवशाचा राहत नाही.

माझे मत असे आहे की, नव्या व्यवसायाने बिलाशिवायच्या मायक्रो ड्रोनपासून दूरच राहावे, त्याचा कॅमेरा कितीही मोहात पाडणारा असला तरी. भारतीय बनावटीच्या, टाइप सर्टिफिकेट मिळालेल्या ड्रोनांची संख्या वाढते आहे. नवी मुंबईची आयडियाफोर्ज, चेन्नईची गरुडा एरोस्पेस आणि बंगळुरूची ॲस्टेरिया ही त्या उद्योगातील ठळक नावे. मात्र त्यांचा भर सर्वेक्षण, सुरक्षा आणि शेती यांवर अधिक आहे. लग्नाचे देखणे चित्रीकरण करू शकणारा, प्रमाणित आणि परवडणारा भारतीय मायक्रो ड्रोन निवडायला गेल्यास पर्याय थोडेच हाती लागतात. तेव्हा सुरुवातीला बिलासह मिळणारा चांगला नॅनो ड्रोन स्वतःचा ठेवावा आणि मोठा ड्रोन लागणारे एखादे काम आलेच, तर प्रमाणित ड्रोन आणि प्रमाणपत्रधारक पायलट दिवसाच्या भाड्याने घ्यावेत. मोठ्या ड्रोनचे काम महिन्यात नियमितपणे येऊ लागेपर्यंत तो विकत घेण्यात शहाणपण नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने ड्रोनवरील कर सरसकट ५ टक्क्यांवर आणला. पूर्वी तो प्रकारानुसार १८ किंवा २८ टक्के होता. जुने दरपत्रक पुढे करणाऱ्या विक्रेत्याला हे लक्षात आणून द्यावे.

कॅमेरा

मेगापिक्सेलचा आकडा सोडून आधी सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागाचा, आकार विचारावा. नॅनो वर्गातील चांगल्या ड्रोनांत आता १/१.३ इंचाचा सेन्सर येतो, मायक्रो वर्गातील वरच्या श्रेणीत ४/३ इंचाचाही असतो. हा फरक भर दुपारी लेआउटचे चित्रण करताना फारसा जाणवत नाही. तो जाणवतो संध्याकाळी लॉनवर, जेथे आकाशात अजून थोडा उजेड असतो, स्टेजवर प्रखर दिवे असतात आणि मधली बसण्याची जागा काळोखात असते. लहान सेन्सर अशा वेळी काळोखात दाणेदार होतो आणि स्टेज पांढरे फटक पडते. पाहुण्यांचे चेहरे वरून दिसणार नसतात, म्हणून बरेच निभावून जाते. पण दिव्यांच्या माळा आणि मंडपाचा रंग नीट आला नाही, तर मुख्य फोटोग्राफर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून अशाच वेळी घेतलेली, कोणतीही दुरुस्ती न केलेली मूळ चित्रफीत मागून घ्यावी आणि ती मोबाइलवर न पाहता मोठ्या पडद्यावर पाहावी.

दुसरा मुद्दा लग्नघरातल्या दिव्यांचा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. सेकंदाला ३० फ्रेमवर चित्रण केले, तर पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसू शकतात. ड्रोनमध्ये २५ किंवा ५० फ्रेमची निवड असावी आणि शटर हाताने १/५० किंवा १/१०० वर लावता यावे. पूर्णपणे आपोआप चालणारे स्वस्त ड्रोन येथेच बाद होतात. दिवसा मात्र १/५० चे शटर ठेवायचे तर उजेड अतोनात होतो, म्हणून त्या मॉडेलसाठी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसवून उजेड कमी करणाऱ्या काचा, मिळतात का, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. उन्हाळ्यातल्या नागपुरात त्यांच्याशिवाय हालचाल गुळगुळीत येत नाही.

रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ छायाचित्रे, आणि रंगांच्या अधिक छटा नोंदवणारे १०-बिट चित्रण असल्यास उत्तम. रंगसंस्कार मुख्य फोटोग्राफरच करणार असेल, तर त्याच्या कॅमेऱ्याच्या रंगांशी जुळवून घेता येते. कॅमेरा उभा फिरवून खरी उभी चित्रफीत घेता येणे ही सोय काही वर्षांपूर्वी चैन वाटली असती. आज नवरा-नवरी पहिली मागणी रीलचीच करतात, आणि आडव्या चित्रफितीतून उभा तुकडा कापला की दर्जा उरत नाही. लेआउट आणि इमारतींसाठी ७० मिलिमीटरची दुसरी लेन्स फार उपयोगी असते, कारण तिने अडथळ्यांपासून लांब राहून जवळचे दृश्य घेता येते. परंतु ती प्रामुख्याने मायक्रो वर्गात मिळते, म्हणून पहिल्या खरेदीत तिच्यासाठी अडून बसू नये.

तीन अक्षांचा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणारा फिरता सांधा, मात्र हवाच. 'इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण' एवढेच लिहिलेला ड्रोन धंद्यासाठी घेऊ नये.

ऊन, वारा, मांजा आणि घारी

विदर्भातला लग्नाचा सिझन भर उन्हाळ्यात येतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. छायाचित्रणाच्या बहुतेक ड्रोनांची कमाल कार्यमर्यादा कंपनीने ४० अंश सांगितलेली असते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये भर दुपारी तुम्ही बहुतेकदा मर्यादेच्या बाहेर काम करत असता. ड्रोन लगेच पडेल असे नाही. पण बॅटरी फुगण्याचा धोका वाढतो, आतला पंखा पुरा पडत नाही आणि फोनचा पडदा उन्हात मंद होऊन शेवटी बंद पडतो. हे शेवटचे सर्वांत धोक्याचे, कारण ड्रोन वर असतो आणि चित्र दिसत नाही. ज्या ड्रोनच्या रिमोटला स्वतःचा प्रखर पडदा आहे, तो थोडे जास्त पैसे देऊन घ्यावा. नागपूरच्या दृष्टीने हा खर्च मोठ्या सेन्सरपेक्षाही आधी करण्यासारखा आहे. बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कधीही ठेवू नयेत. त्या लहान थंड पेटीत न्याव्यात, पण बर्फाला चिकटवू नयेत, आणि काम नसताना निम्म्याहून थोड्या अधिक चार्जवर साठवाव्यात.

कंपनीने ३४ मिनिटे म्हटलेल्या बॅटरीतून प्रत्यक्षात २२ ते २५ मिनिटे कामाची धरावीत, कारण कंपनीची चाचणी जवळजवळ निवांत हवेत होते आणि आपण पाव बॅटरी शिल्लक असतानाच उतरायला हवे. लग्नासाठी तीन बॅटऱ्या किमान लागतात. हळद दुपारी आणि वरात संध्याकाळी असल्याने मध्ये चार्ज करायला वेळ मिळतो, पण लॉनवरच्या जनरेटरवर विसंबून राहू नये. गाडीतून चार्ज होण्याची सोय पाहावी.

हलके ड्रोन वाऱ्यापुढे लवकर हरतात. नॅनो वर्गातील नामांकित ड्रोनांची वारा सोसण्याची मर्यादा साधारण १०.७ मीटर प्रतिसेकंद असते, तर मोठ्या मायक्रो ड्रोनांची १२ मीटरच्या आसपास. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस येण्याआधी जी धूळ उठते, तिच्यात दोन्ही सारखेच निकामी. पश्चिमेला आभाळ काळवंडले की ड्रोन खाली, एवढा साधा नियम पुरेसा आहे.

लेआउटवर उड्डाण करताना जमिनीची धूळ हा वेगळाच त्रास असतो. नव्याने सपाट केलेल्या काळ्या मातीवरून ड्रोन उचलला की पंख्यांच्या वाऱ्याने वीतभर उंचीचा धुळीचा लोट उठतो, तो मोटरच्या फटींत आणि गिंबलच्या नाजूक सांध्यात जाऊन बसतो, आणि काही दिवसांनी कॅमेरा सुरू होताना थरथरू लागतो. घडीची लँडिंग मॅट किंवा निदान गाडीतला रबरी पायपोस सोबत असावा. सुटे पंखे आणि मऊ ब्रश यांनाही बॅगेत जागा ठेवावी.

जानेवारीत शहरभर पतंग उडतात, आणि संक्रांतीच्या आसपास जुन्या वस्त्यांच्या गच्च्यांवरून निघालेला मांजा हवेत जवळजवळ अदृश्य असतो. पुढचे, मागचे, खालचे असे सर्व बाजूंचे अडथळे ओळखणारे सेन्सर असले तरी मांजाची दोरी किंवा विजेची बारीक तार त्यांना दिसत नाही. त्या आठवड्यात इतवारी-महाल भागातले काम घेऊच नये. भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या बाजूला घारी मोठ्या संख्येने घिरट्या घालतात आणि ड्रोनवर झेप घेतात. घार अंगावर आली तर ड्रोन झटकन वर न्यावा, कारण झेप घेणाऱ्या पक्ष्याला तेवढ्याच वेगाने सरळ वर चढता येत नाही. त्यासाठी ड्रोनचा वर चढण्याचा वेग माहितीपत्रकात पाहून ठेवावा.

परतीच्या उंचीकडेही खरेदीनंतर लगेच लक्ष द्यावे. संपर्क तुटल्यावर ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतो आणि मग घरी परततो. ही उंची काही ड्रोनांत मुळात १०० मीटरवर लावलेली असते. ६० मीटरच्या पट्ट्यात काम करताना ती तशीच राहिली, तर संपर्क तुटताच ड्रोन तुमच्या नावावर नियम मोडेल. ती ६० मीटरच्या खाली, पण आसपासची इमारत, मोबाइल टॉवर आणि मेट्रोचा उन्नत मार्ग यांच्या वर राहील अशी प्रत्येक ठिकाणी नव्याने लावावी. ही सेटिंग सहज बदलता येणारे ॲप असणे हाही निवडीचा एक निकष आहे.

पैसे कोठे घालावेत

एकूण रकमेचा निम्मा भागच ड्रोनवर खर्च करावा, अशी माझी शिफारस आहे. उरलेल्यात दोन जादा बॅटऱ्या, चार्जिंग हब, फिल्टर, सुटे पंखे, वेगवान मेमरी कार्डे, विमा आणि चित्रफिती संपादित करू शकणारा संगणक यांचा खर्च येतो. १०-बिट चित्रफिती जुन्या लॅपटॉपवर अडखळतात, आणि हे काम घेतल्यानंतर कळण्यापेक्षा आधी तपासलेले बरे. नॅनोला विम्याची सक्ती नसली, तरी गर्दीच्या समारंभात काम करणाऱ्याने तृतीय पक्ष विमा घ्यावा. लॉनवर पाहुण्यांच्या थेट डोक्यावर ड्रोन कधीही स्थिर ठेवू नये, विमा असला तरीही. लघुउद्योगांसाठीची शासकीय उद्यम नोंदणी मोफत होते आणि ती सुरुवातीलाच करावी. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सामान्यतः लागत नाही, मात्र मोठे बिल्डर आणि कारखाने जीएसटी बिलाचा आग्रह धरतात, हे ध्यानात ठेवावे.

दुकानात आणि दुकानाबाहेर

ड्रोन ऑनलाइन मागवण्यापेक्षा, शक्य असेल तर, ज्याला हात लावून आणि उडवून पाहता येईल असाच घ्यावा. चाचणी गच्चीवर घेऊ नये. स्लॅबमधल्या लोखंडामुळे होकायंत्र बिघडते आणि चांगला ड्रोनही वेडावाकडा तरंगताना दिसतो. शहराबाहेरच्या, नकाशावर हिरव्या असलेल्या मोकळ्या जागेत जावे, उपग्रहांची पुरेशी संख्या मिळेपर्यंत थांबावे आणि ड्रोन डोळ्यांच्या उंचीवर दोन मिनिटे हात न लावता तरंगू द्यावा. तो वीतभरापेक्षा जास्त सरकला, तर कारण विचारावे. मग गिंबल वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरवून त्यात अडखळणे आहे का पाहावे, क्षितिजरेषा तिरपी येते का तपासावे, परतीचे बटण दाबून तो उड्डाणाच्या जागेपासून किती अंतरावर उतरतो ते मोजावे आणि मेमरी कार्डावरची मूळ फाइल त्याच वेळी लॅपटॉपवर उघडावी.

वापरलेला ड्रोन घेत असाल, तर ॲपमध्ये प्रत्येक बॅटरीचे चार्ज-चक्र आणि तिच्या सेलचे व्होल्टेज दिसते. एक सेल इतरांपेक्षा स्पष्टपणे खाली असेल, तर ती बॅटरी शून्य किमतीची धरून भाव करावा. ड्रोन आधीच्या मालकाच्या खात्याशी जोडलेला असतो. तो विक्रेत्याने तुमच्यासमोर त्या खात्यातून मोकळा करावा, तुमच्या खात्याशी जोडला जातो हे पाहावे आणि मगच रक्कम हस्तांतरित करावी. त्याला ओळख क्रमांक मिळालेला असेल, तर मालकी हस्तांतराचा अर्जही महासंचालनालयाच्या पोर्टलवर विक्रेत्याकडून करवून घ्यावा. अन्यथा उद्या तुमच्या हातून काही घडले तर नोटीस त्याच्या नावे जाईल, आणि तुमच्याकडे त्या ड्रोनचा मालक असल्याचा कोणताही पुरावा नसेल. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव, ड्रोनचा अनुक्रमांक, रिमोटचा अनुक्रमांक आणि जीएसटीची रक्कम वेगवेगळी लिहून घ्यावी, आणि ड्रोनच्या पोटाखाली छापलेला अनुक्रमांक बिलाशी पडताळून झाल्यावरच पेटी बंद करावी.